माझी ज्योत पिवळी पडली

मित्रांनो, गरम पाण्याचा नळ फिरवला की भिंतीवरून "टक, टक, भप्प" असा आवाज येतो ना? तो आवाज करणाऱ्यांपैकी मीही एक. मी गॅसवर चालणारा जुना गीझर. माझा पांढरा रंग आता साईसारखा झाला आहे, एका कोपऱ्याला पोचा पडला आहे आणि समोरचं झाकण तर माझ्याजवळ उरलेलंच नाही. तरीही मला बोलायचं आहे. मी जे पाहिलं ते तुम्हाला कळावं, एवढीच इच्छा आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे दिवसभर पत्रा कापल्याचा कर्कश आवाज चाले. कुणी माझी पेटी वाकवली, कुणी तांब्याची नळी वळवून माझ्या पोटात बसवली, कुणी तिच्याखाली बर्नर घट्ट केला. ठिणगी पडावी म्हणून खालच्या कप्प्यात दोन जाड बॅटऱ्या घातल्या. शेवटी तपासणीच्या बाईंनी मला पाणी जोडलं आणि नळ उघडला. ठिणगी उडाली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पेटलो. माझी ज्योत निळी होती, दाट आणि सरळ. बाईंनी वाकून ती पाहिली, मान डोलावली आणि पुढच्याला हाक मारली. एवढंच माझं बारसं.

आम्हा गीझरांना दोन गोष्टी लागतात, गॅस आणि हवा. गॅस नळीतून येतो. हवा मात्र ज्या खोलीत आम्हाला टांगलं असेल तिथून घ्यावी लागते. भरपूर हवा मिळाली की ज्योत निळी राहते. हवा कमी पडली की ती पिवळी होते, आणि मग आमच्या तोंडून एक विषारी वायू बाहेर पडू लागतो. त्याला रंग नाही, वासही नाही. माणसाला तो समजतच नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं ते यामुळेच.

पहिली काही वर्षं मी एका बसचालकाच्या घरी काढली. त्यांच्या न्हाणीघराची खिडकी एवढी मोठी होती की चिमण्या आत येऊन साबणावर चोच मारून जात. बसचालक गाडीसारखीच माझी निगा राखायचे. वर्षातून एकदा माणूस बोलावून माझं पोट साफ करून घ्यायचे आणि तो गेल्यावर बायकोला म्हणायचे, याचं इंजीन अजून नव्यासारखं आहे. मला इंजीन नाही, पण मी खूश व्हायचो. पुढे ते निवृत्त झाले, घर बदललं आणि नव्या घरात आधीच गीझर होता. मी जुन्या सामानाच्या दुकानात जाऊन पडलो. तिथे माझ्यावर धूळ बसली, बर्नरच्या भोकांमध्ये कोळ्याने जाळं विणलं, आणि कुणीतरी मला घ्यावं म्हणून मी वाट पाहत राहिलो.

मला विकत घेतलं ते काकूंनी. काकूंची स्वतःची चार मजली छोटी इमारत होती. त्या तळमजल्यावर राहायच्या आणि वरची घरं भाड्याने द्यायच्या. नवऱ्याच्या मागे त्यांचं सगळं त्या भाड्यावरच चालायचं, त्यामुळे खर्च करताना त्यांचा हात आखडता असे. त्यांनी माझ्यावर फडकं मारलं, दुकानदाराशी बरीच घासाघीस केली आणि मला दुसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात टांगलं.

ते न्हाणीघर लहान होतं. हात पसरले तर दोन्ही भिंती लागाव्यात, इतकं. पण त्याला एक खिडकी होती. ती मागच्या गॅलरीत उघडायची आणि गॅलरी सताड मोकळी होती. मला हवेची ददात नव्हती.

त्या घरात दोघी मुली राहायला आल्या. थोरलीला सगळे ताई म्हणत. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करी. दुसरी एका पार्सल कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर बसायची. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून ती घरी येऊन स्वतःच्या तक्रारी करायची, आणि कुठल्याही गोष्टीवर वाद घालायला तयार असायची, म्हणून तिचं नाव वकीलीणबाई पडलं होतं. दोघी वेगवेगळ्या लहान गावांतून आलेल्या. शहरात नोकरी होती, पण नोकरीच्या जवळ परवडेल असं घर नव्हतं. हे घर त्यांना खूप शोधल्यावर मिळालं होतं.

घर बघायला आल्या तेव्हा ताईने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं होतं, हा विजेचा की गॅसचा? गॅसचा, म्हटल्यावर तिचा चेहरा जरा सैल झाला. विजेचं बिल त्यांना झेपणार नव्हतं.

मित्रांनो, माणसं बैठकीच्या खोलीत जे बोलतात आणि न्हाणीघरात जे बोलतात त्यात फार फरक असतो. ताई आईचा फोन आला की न्हाणीघरात यायची आणि मागे पाण्याचा आवाज चालू ठेवायची. "हो गं आई, जेवले. पोटभर जेवले," असं ती हसून सांगायची. तिने दुपारपासून पाव आणि केळं यांपलीकडे काही खाल्लेलं नाही, हे मला पलीकडच्या स्वयंपाकघरातल्या शांततेवरून कळत असे. वकीलीणबाई आरशासमोर उभी राहून, तोंडात ब्रश धरून, साहेबांकडे पगारवाढ मागायची तालीम करी. आरशात ती फार जोरदार बोलायची. कचेरीत तिने तो विषय कधी काढलाच नाही.

गरम पाणी म्हणजे गॅस आणि गॅस म्हणजे पैसा, हे त्या घरात सगळ्यांना पाठ होतं. एक बादली गरम, बाकी गार, असा ताईचा नियम होता. नळ उगाच वाहता राहिला की बाहेरून लगेच आवाज यायचा. साबणाच्या चकत्या उरल्या की त्या एकमेकींना चिकटवून नवी वडी तयार व्हायची. मला त्या दोघींचं कौतुक वाटायचं. पोटाला चिमटा घेऊनसुद्धा त्या एकमेकींना हसवत राहायच्या.

मग काकूंनी भाडं वाढवायचं ठरवलं.

त्या वर आल्या आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. पाणीपट्टी वाढली, गच्चीची गळती काढायची आहे, असं सांगत सांगत मूळ मुद्द्यावर आल्या. ऐकून वकीलीणबाईने बोटांवर हिशेब केला. तेवढं भाडं दोघींच्या आवाक्याबाहेर होतं. घर सोडलं तर शहराच्या टोकाला जावं लागणार, आणि मग जाण्यायेण्यातच अर्धा पगार आणि अर्धा दिवस जाणार. दोघींची तोंडं उतरलेली पाहून काकूंनीच एक तोड सुचवली. मागची गॅलरी बंद करून तिथे छोटी खोली काढायची. तिसरी मुलगी येऊन राहिली की भाडं तिघींत वाटलं जाईल. कुणावरच भार पडणार नाही.

ताईची एक धाकटी मावसबहीण होती. तिला याच शहरात एका बेकरीत उमेदवार म्हणून घेतलं होतं. तीन महिने काम पाहून मग कायम करणार होते. तिला राहायला जागा हवीच होती. सगळंच जुळून आलं. असं सगळं जुळून आलं की कुणी फार प्रश्न विचारत नाही.

सुतार आला. गॅलरीला पत्रे लागले, बाजूला भिंत उभी राहिली, आत एक खाट मावली. आता न्हाणीघराची खिडकी थेट त्या खोलीत उघडत होती. मुलीच्या खोलीत न्हाणीघराची खिडकी कशी चालेल? सुताराने प्लायवूडचा तुकडा मापून आणला आणि खिडकीवर बसवला. तो एकेक स्क्रू पिळत गेला तसा माझ्यापुढचा उजेड विझत गेला.

ताई दारात उभी होती. तिने विचारलं, "काकू, वाफ कुठून जाणार?"

"दाराखाली फट आहे की," काकू म्हणाल्या. "आणि आंघोळीला लागतो कितीसा वेळ?"

ताईने सुताराला वाट करून दिली. नवं भाडं तिघींत वाटलं जाणार, याचा दिलासा तिच्या चेहऱ्यावर होता. मी तिला बोल लावत नाही. पण मला त्या क्षणी ओरडावंसं वाटलं होतं, आणि मला आवाज एकच येतो, नळ उघडल्यावरचा.

ताईची धाकटी बहीण म्हणून नवी आलेली मुलगी सगळ्यांचीच धाकटी झाली. ती अतिशय उत्साही होती. पहाट व्हायच्या आत बेकरीत जायची आणि उन्हं कलली की लोण्याने माखलेले हात घेऊन परतायची. तिच्या केसांना मैद्याचा आणि भाजलेल्या साखरेचा वास यायचा. तो चिकटपणा थोड्या पाण्याने जात नसे, म्हणून तिच्यासाठी ताईने आपला नियम मोडला होता. धाकटीला दोन बादल्या गरम पाणी माफ होतं.

सुरुवातीला मी दाराखालच्या फटीतून हवा ओढून कसाबसा निभावत होतो. मग थंडी पडली. फटीतून गार वारा पायाला झोंबतो म्हणून धाकटी आत आली की जुना टॉवेल गुंडाळून दाराला लावू लागली. त्या दिवसापासून माझी ज्योत बदलली. आधी टोकं पिवळी झाली, मग सगळीच. ती सरळ उभी राहीना, लवलवू लागली. माझ्या पोटातल्या तांब्यावर काजळी धरली, आणि काजळीने उरलीसुरली वाटही अडवली.

माझ्यावरच्या छताला काळा डाग पडला. तो वकीलीणबाईने पाहिला. गीझर म्हातारा झाला, काजळी ओकतोय, असं म्हणून तिने तो फडक्याने पुसला. दुरुस्तीवाल्याला फोनही केला. त्याचं नुसतं येण्याचं शुल्क ऐकून तिने पुढच्या पगाराला बघू म्हटलं. पुढच्या पगाराच्या सुमारास ताईची दाढ ठणकायला लागली आणि तो पगार तिकडे गेला.

मग डोकेदुखी सुरू झाली. ताईला वाटलं, बारीक काचांवर नजर लावून आपलं डोकं दुखतं. वकीलीणबाईला वाटलं, लोकांच्या शिव्या ऐकून दुखतं. धाकटी म्हणाली, बेकरीच्या भट्टीची उष्णता बाधत असेल. तिघींनी तीन कारणं शोधली. चौथं भिंतीवर टांगलेलं होतं, त्याच्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. सर्वांत जास्त त्रास धाकटीला होता. ती पाण्यात जास्त वेळ असायची, आणि त्या प्लायवूडच्या पलीकडे, उशाशीच, ती झोपायची. कडांच्या फटीतून माझा श्वास तिच्यापर्यंत जात होता. सकाळी उठली की तिला मळमळायचं. पण उमेदवारीतली सुट्टी म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं, हे ती जाणून होती. ती गोळी घ्यायची आणि निघायची.

माझा जीव टांगणीला लागला होता. रोज नळ फिरला की मी धास्तावायचो. माझ्या बॅटऱ्या जुन्या झाल्या होत्या आणि कधीकधी ठिणगी पडायची नाही. मुली वैतागायच्या, नळ पुन्हापुन्हा उघडझाक करायच्या. माझी मात्र एकच प्रार्थना असे की बॅटरी पूर्ण संपावी. गार पाण्याने कुणी मरत नाही. पण ताई टापटिपीची. एका शनिवारी येताना ती नव्या बॅटऱ्या घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी तिघींना सुट्टी होती. दुपार ढगाळ आणि गारठलेली होती. वकीलीणबाईने आठवड्याचे कपडे काढले. लाँड्री परवडत नव्हती आणि गार पाण्यात हात बधिर व्हायचे, म्हणून ती गरम पाण्यात कपडे धूत होती. बराच वेळ मी जळत राहिलो. ती बाहेर पडली तेव्हा भिंतीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, मला काहीतरी होतंय. ताईने तिला पाणी दिलं आणि आडवं व्हायला सांगितलं.

लगेच धाकटी आत आली. दुसऱ्या दिवशी बेकरीचे मालक तिचं काम पाहणार होते. तिला केस धुवायचे होते. तिने कडी लावली, टॉवेल दाराशी गुंडाळला आणि नळ उघडला. नव्या बॅटऱ्यांनी पहिल्याच ठिणगीत मला पेटवलं.

त्या कोंडलेल्या खोलीत हवा जवळजवळ उरलीच नव्हती. माझी ज्योत नारिंगी होऊन फडफडत होती. धाकटी गुणगुणत होती. मग गुणगुणणं थांबलं. तिने कपाळाला हात लावला. ती खाली बसली, उठायचा प्रयत्न केला, दाराच्या दिशेने हात पुढे केला. हात कडीपर्यंत पोचला नाही. तांब्या घरंगळत कोपऱ्यात गेला आणि ती ओल्या फरशीवर कलंडली.

नळ वाहतच होता. मित्रांनो, पाणी वाहत असेपर्यंत मला विझता येत नाही. माझी घडणच तशी आहे. ती माझ्यासमोर निपचित पडली होती आणि मी जळत होतो, तिच्या वाट्याची हवा खात होतो. बादली भरली, पाणी काठावरून सांडू लागलं, आणि मी थांबू शकत नव्हतो.

बाहेर ताई कपडे वाळत घालत होती. इतर कुठल्या घरात वाहत्या पाण्याचा आवाज कुणी मनावर घेतला नसता. पण या घरात तो आवाज फुकट नव्हता. तिने हाक मारली, "अगं, बास आता. सिलिंडर संपेल."

उत्तर आलं नाही.

तिने पुन्हा हाक मारली. मग दारावर टिचकी मारली, मग थाप. मग तिचा आवाज बदलला. ती धाकटीचं खरं नाव घेऊन ओरडू लागली. वकीलीणबाई झोकांड्या खात उठून आली. दोघींनी मिळून दाराला खांदा लावला. कडी आणि बिजागऱ्या जुन्या होत्या, स्क्रू लाकडातून सुटले आणि दार निखळून बाजूला कलंडलं.

वकीलीणबाईने आधी नळ बंद केला. मी विझलो. ताईने धाकटीला चादरीत गुंडाळलं आणि दोघींनी तिला ओढत, उचलत जिन्यावर नेलं. आवाज ऐकून काकू धापा टाकत वर आल्या. त्यांनीच जिन्याची खिडकी उघडली, त्यांनीच गाडी बोलावली आणि धाकटीचं डोकं मांडीवर घेऊन त्याच गाडीत बसल्या. मग घर रिकामं झालं. टपकणाऱ्या पाण्याखेरीज काही ऐकू येत नव्हतं. ती जगली की नाही, हे मला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळलं नाही. त्याएवढी लांब प्रतीक्षा मी दुकानाच्या धुळीतही केली नव्हती.

ताई परतली तेव्हा ती फोनवर आईशी बोलत होती, आणि या वेळी तिने नळ सोडला नव्हता. त्या बोलण्यातून मला सगळं समजलं. धाकटी शुद्धीवर आली होती. तिला प्राणवायू लावला होता. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला होता, मुलगी कुठे सापडली? न्हाणीघरात, म्हटल्यावर दुसरा, गीझर गॅसचा आहे का? तिसरा, खिडकी कुठे उघडते? अजून थोडा उशीर झाला असता तर काहीच करता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले होते.

फोन ठेवून ताई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. तिने माझ्या तोंडावर बोट फिरवलं आणि काजळीने काळं झालेलं बोट बराच वेळ पाहिलं. वकीलीणबाई स्वयंपाकघरातून उलथणं घेऊन आली. प्लायवूडच्या फटीत ते घालून ती जीव खाऊन ओढू लागली. तुकडा निघाला तेव्हा पलीकडे धाकटीची खाट दिसली आणि उशीवर पडलेली तिची केसांची पिन.

धाकटी काही दिवसांनी घरी आली. तिला बैठकीच्या खोलीत गादीवर झोपवलं होतं. गॅस त्यांनी बंद करून टाकला होता, पण मी भिंतीवर होतो आणि न्हाणीघराला आता दार नव्हतं. त्यामुळे त्या संध्याकाळचं बोलणं मी शब्दनशब्द ऐकलं.

काकू फळं घेऊन आल्या होत्या. त्यांनी धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग त्या हळूच म्हणाल्या की सहा महिने भाडं देऊ नका. दवाखान्याचं बिलही मी बघते. फक्त ही गोष्ट घरातल्या घरात राहू दे. खोलीही राहू दे. गीझर मी दुसरा बसवते.

सहा महिन्यांचं भाडं म्हणजे त्या मुलींना काय होतं, हे मी सांगायला नको. वकीलीणबाईसारखी वकीलीणबाई खाली मान घालून बसली होती.

शेवटी धाकटीच बोलली. "ताई, हो म्हण ना. बेकरीतलं गेलंच. आता ही खोली गेली तर मी राहू कुठे? मला गावी नाही जायचं परत."

ताई म्हणाली, खिडकी पुन्हा बंद करायची नाही, काही झालं तरी. काकूंना ते लागलं. त्या खरंच दुखावल्या होत्या, कारण त्यांना अजूनही पटलं नव्हतं.

"एवढं काय मनाला लावून घेता गं," त्या म्हणाल्या. "वरच्या मजल्यावर पण मी अशीच खोली काढून दिली आहे. तसाच गीझर, तशीच खिडकी. त्यांचं तर तान्हं बाळ आहे. झालं का त्यांना काही?"

मला त्या इमारतीची एक गोष्ट ठाऊक होती, ती त्या चौघींना ठाऊक नव्हती. गच्चीवरच्या टाकीतून एकच मोठा पाइप सगळ्या मजल्यांसाठी खाली उतरतो. वरच्या घरात कुणी पाणी सोडलं की माझ्या नळीतही सरसर होते. नेमक्या त्याच क्षणी माझ्या नळीत सरसर सुरू झाली. संध्याकाळची वेळ. बाळाच्या आंघोळीची वेळ.

मला पुन्हा एकदा ओरडावंसं वाटलं. पण माझा गॅस बंद होता. माझा तो एकुलता एक आवाजही आता उरला नव्हता.

गादीवरून कुणीतरी उठल्याचा आवाज आला. धाकटी होती. ताई म्हणाली, अगं, पडशील, झोप. धाकटीने ऐकलं नाही. अनवाणी पावलं दारापर्यंत गेली, मग जिन्यावर. एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी. तिला अजून धड चालवत नव्हतं. मागोमाग ताई धावली, वकीलीणबाई धावली. सर्वांत शेवटी काकूंच्या जड चपला ऐकू आल्या. त्या खाली आपल्या घरी जातील असं मला वाटलं. चपला वरच गेल्या.

वरून थापा ऐकू आल्या. पाणी वाहतच होतं. पुन्हा थापा. पाणी वाहतच होतं. आता काकूंचाही आवाज त्यात मिसळला होता, दार उघडा, अहो, आधी दार उघडा. मी माझ्या नळीतली ती सरसर ऐकत होतो. त्या मोकळ्या न्हाणीघरात मला दुसरं काही करताच येत नव्हतं.

मग सरसर थांबली. आणि थोड्या वेळाने, जिन्यात, थंडीने चिडलेल्या बाळाचं रडणं घुमलं. चांगलं खणखणीत रडणं. इतका गोड आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

बाळाला रोज संध्याकाळी उलटी होते आणि दूध बाधतं म्हणून त्याची आई दूध बदलत होती, हे नंतर जिन्यातच कळलं. ते ऐकल्यावर काकू पायरीवर बसल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत.

पुढे फार मोठं काही घडलं नाही, पण जे घडलं ते नीट घडलं. सुतार परत आला आणि दोन्ही मजल्यांवरच्या खोल्या पाडल्या गेल्या. काकूंनी सहा महिने भाडं घेतलं नाही आणि गप्प राहायची अटही घातली नाही. उलट, इमारतीतल्या प्रत्येक घरात जाऊन त्या स्वतः खिडक्या उघडून पाहायच्या. धाकटीची खाट बैठकीच्या खोलीत आली आणि तिघींनी दाटीवाटीने राहायचं ठरवलं. पाणी त्या पातेल्यात तापवू लागल्या. ती बेकरी धाकटीच्या हातून गेली. दीड-दोन महिने तिने गावी परत जायची पिशवी भरून ठेवली होती. मग एका लहान दुकानात तिला काम मिळालं, पगार कमी, पण उमेदवारीची अट नव्हती. तंगी संपली नाही. तक्रारींचा धंदा करणाऱ्या वकीलीणबाईने मात्र एक दिवस खरोखरच साहेबांकडे पगारवाढ मागितली. मिळाली थोडीशी. त्या दिवशी तिने आल्या आल्या न्हाणीघरात येऊन आरशाला सलाम ठोकला.

मला भिंतीवरून उतरवलं त्या दिवशी ताईने मेकॅनिकला बजावून सांगितलं, याला पुन्हा कुठल्याही घरात लावायचं नाही. त्याने मला एका तंत्रशाळेत दिलं. आता मी तिथल्या टेबलावर असतो. तरुण मुलंमुली माझं पोट उघडतात, काजळी धरलेलं तांबं पाहतात, आणि हवा कोंडली की काय होतं ते शिकतात. माझी स्तुती कुणी करत नाही. पण मला त्याचं वाईट वाटत नाही. मी आता कुणाला गरम पाणी देत नाही, तरी कदाचित पूर्वीपेक्षा जास्त उपयोगी पडतो आहे.

मित्रांनो, तुम्हीही उद्या मोठे व्हाल, मोठ्या शहरात जाल, खिशाला परवडेल अशी खोली शोधाल. स्वस्त खोली घेण्यात लाज नाही. पण आत गेल्यावर आधी खिडकी उघडून बघा, आणि ती कुठे उघडते तेही बघा. माझ्यासारख्याला वर्षातून एकदा साफ करून घ्या. ज्योत पिवळी दिसली तर पुढच्या पगाराची वाट पाहू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, बंद दारामागे पाणी वाहत असेल आणि हाकेला ओ येत नसेल, तर संकोच करू नका. दारावर जोरात थाप मारा. आतून कुणी चिडून ओरडलं तर ओरडू दे. ते ओरडणं ऐकून निवांत परत फिरा.